वीस मीटर आणि आमचे कबड्डीचे पंच

काही गोष्टी आपण गोळा करायला जात नाही, त्या आपोआप साठतात. माळ्यावर रिकामे डबे साठतात तशा. गेली सात वर्षं मी वर्षातून एकदा, एका सकाळी, साधारण दोन तास एकच काम करते. आमच्या भागातल्या कबड्डीच्या पंचांचा दम मोजते. सात वर्षांचे मिळून चौदा तास. चौदा तासांत माणसाकडे किती किस्से जमावेत? पण मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत चहा आला की कुणीतरी म्हणतंच, "आंब्रेबाई, पंचांचं काहीतरी सांगा ना!"

तर मी रत्नागिरीतल्या एका मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवते. वय बावन्न. माझा स्वभाव कोरडा आहे असं लोक म्हणतात. मला तो काटेकोर वाटतो. सगळ्यात चांगला किस्सा मी शेवटी सांगते, त्यामुळे मधेच घंटा झाली तर माझी जबाबदारी नाही.

*

आधी हे टेस्टचं खूळ निघालं कुठून ते सांगते.

आमच्याकडे सुर्वे नावाचे पंच आहेत. एका सरकारी कचेरीत नोकरी, पंचाहत्तर इंची टीव्हीसमोर संध्याकाळ, आणि रविवारी कबड्डी. माणूस अतिशय गोड, पण आधी पोट येतं आणि मग सुर्वे. एका गावच्या स्पर्धेत चढाईला गेलेला मुलगा समोरच्यांच्या अंगणात घुसला, गडी मारले आणि मध्यरेषा ओलांडून परतसुद्धा आला. त्याच्याबरोबर बाजूच्या रेषेवरून सरकायचं काम सुर्व्यांचं. ते अजून तिकडे जातच होते!

आता निर्णय तर द्यायला हवा. सुर्व्यांनी त्या मुलालाच जवळ बोलावून हळूच विचारलं, "किती मारलेस रे?"

मुलगा म्हणाला, "पाच!"

सुर्व्यांनी हात वर करून पाच गुण दिले. समोरच्या संघाचे मैदानात तेव्हा चारच गडी होते.

त्यानंतर जो काही गोंधळ झाला त्यातून कबड्डी मंडळातल्या वरच्यांनी फर्मान काढलं की पंचांची दरवर्षी पळण्याची टेस्ट होणार. जो नापास होईल त्याने वर्षभर टेबलामागे बसून गुण लिहायचे, मैदानात उभं राहायचं नाही. टेस्ट घ्यायला माणूस हवा होता. आमच्या पंचांचे सेक्रेटरी नाचणेकर माझ्याकडे आले आणि म्हणाले, "बाई, तुमच्याकडं डिग्री हाय, मैदान हाय आणि स्पीकर पण हाय." त्यातला स्पीकर महत्त्वाचा होता हे मला नंतर कळलं.

*

टेस्ट अगदी सोपी आहे. वीस मीटरवर दोन रेषा, मधे प्रत्येकाची पळायची एक गल्ली. स्पीकरमधून बीप वाजला की एका रेषेवरून निघायचं आणि पुढचा बीप वाजायच्या आत दुसऱ्या रेषेला पाय लावायचा. मग परत फिरायचं. साधारण मिनिटाला एक लेव्हल संपते आणि बीप आणखी जवळ येतात. लागोपाठ दोनदा उशीर झाला की तुम्ही आउट. आमच्या पंचांना पाच लेव्हल पूर्ण कराव्या लागतात. शरीर किती प्राणवायू वापरू शकतं याचा अंदाज यावरून येतो, असं मी पहिल्या वर्षी फळ्यावर आकृती काढून समजावलं. सुर्वे म्हणाले, "म्हणजे दम बघणार. मग तसं सांगा ना!"

पहिल्या वर्षी तिसरी लेव्हल सुरू झाली आणि फाटकाशी आवाज आला, "बांगडं घ्या, ताजी बांगडं!" मिरकरवाड्याची मासेवाली रोज त्याच वेळी शाळेवरून जाते, हे माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं. सुर्वे रेषेपर्यंत गेले, पण परत न फिरता तसेच सरळ फाटकाकडे गेले. त्यांच्या मागोमाग आणखी आठ जण. बीप वाजत राहिला. मैदानात मोजून तिघे उरले होते आणि तेही माना वळवून पाटीत काय आहे ते बघत पळत होते.

तक्त्यात शेवटी 'शेरा' म्हणून एक रकाना असतो. माणूस का थांबला ते त्यात लिहायचं. दम लागला, पाय मुरगळला, चक्कर आली, असं काहीतरी. मी नऊ जणांपुढे खरं ते लिहिलं : बांगडे.

आठ दिवसांनी वरून फोन आला. "बाई, तुमचे नऊ पंच बांगड्यांमुळे कसे काय थांबले?"

मी म्हटलं, "साहेब, ताजे होते."

*

दुसऱ्या वर्षी मी फाटक बंद ठेवलं. मासेवाली बाहेर, पंच आत.

सुर्वे तिसऱ्या लेव्हललाच आउट झाले. मी हात वर केला, नाव पुकारलं. त्यांनी अजिबात हुज्जत घातली नाही, मला जरा नवल वाटलं. ते शांतपणे बाजूला गेले आणि कडेच्या दगडावर बसून पाणी प्यायले. दोन मिनिटांनी आणखी एक जण आउट झाला. तो येऊन सुर्व्यांच्या मागे बसला. मग तिसरा आला, तो त्याच्या मागे. मला वाटलं, काय शिस्त आहे! तेवढ्यात समोर चौथा माणूस आउट झाला आणि सुर्वे ताडकन उठून मैदानात शिरले, पळायला लागले.

मी ओरडले, "सुर्वे, तुम्ही आउट आहात!"

"होतो, बाई! तो गेला ना, मी जिवंत झालो!"

कबड्डीत समोरचा एक गडी बाद झाला की आपला बाद झालेला पहिला गडी परत येतो. उभा जन्म त्यात गेलेल्या माणसांना मी काय सांगणार? मी म्हटलं, "अहो, पण तो तुमच्याच बाजूचा होता." त्यावर खेळ थांबवून, म्हणजे टेस्ट थांबवून, तीन ज्येष्ठ पंचांची तिथेच चर्चा झाली. टेस्टमध्ये नेमक्या बाजू किती, हा मुद्दा होता. दहा मिनिटांनी एकमताने निर्णय मिळाला : एका बाजूला पंच, दुसऱ्या बाजूला बाई! त्यामुळे बाई आउट झाल्याशिवाय कुणी जिवंत होऊ शकत नाही.

मी सात वर्षांत आउट झालेली नाही.

*

तिसरं वर्ष भिकूदादांचं. भिकूदादांची आंब्याची बाग आहे, घाटीवरून दिवसातून वीसदा चढउतार. ते म्हणायचे, "आमची टेस्ट रोज व्हतेय, बाई. तुम्ही नुसतं लिवा."

त्या सकाळी ते तोंडात शिट्टी धरूनच पळायला उभे राहिले. मैदानात उतरताना शिट्टी तोंडात धरायची, ही वीस-पंचवीस वर्षांची सवय. मी पण काही बोलले नाही, नियमात शिट्टीबद्दल काही नव्हतं. पहिल्या दोन लेव्हल नीट झाल्या. तिसऱ्या लेव्हलला भिकूदादांना धाप लागली आणि धापेबरोबर शिट्टी वाजू लागली. प्रत्येक श्वासाला फुर्र!

बाकीचे सगळे जागच्या जागी थांबले. शिट्टी झाली की खेळ थांबतो, हे त्यांच्या पायांनाच माहीत आहे. मी ओरडले, "पळा, पळा!" ते पळायला लागले. पुन्हा फुर्र. पुन्हा सगळे उभे. दोघांनी तर हात वर करून 'टाइम आउट'ची खूण केली. भिकूदादांना वाटलं आपण सगळ्यांना मागे टाकलं, त्यांना आणखी चेव आला.

त्या वर्षी एकटे भिकूदादा पास झाले. बाकीच्यांची टेस्ट पुढच्या रविवारी परत घेतली, आणि फाटकाशी एक ताट ठेवून सगळ्यांच्या शिट्ट्या त्यात जमा करून घेतल्या.

*

आता मजीदभाईंबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांचंच आहे.

मजीदभाई भाट्याच्या पुलापलीकडे खाडीकाठच्या वाडीत राहतात. तरुणपणी चढाईत त्यांचं नाव होतं. मग बारा वर्षं मस्कतच्या बंदरावर क्रेन चालवली, परत आले आणि पंच झाले. अंगाने सडपातळ, पान नाही, विडी नाही. निर्णय दिला की बदलत नाहीत आणि दिल्यावर ओरडतही नाहीत. एवढ्या वर्षांत त्यांना एकच गोष्ट मिळाली नव्हती. मोठ्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ते कधी सरपंच नव्हते. सरपंच म्हणजे गावचा नव्हे, सामन्याचा मुख्य पंच, ज्याचा शब्द शेवटचा.

पहिली तीन वर्षं ते काठावर पास झाले. चौथ्या वर्षी दोन फेऱ्यांनी राहिले आणि पाचव्या वर्षीही दोनच फेऱ्यांनी राहिले. सुर्व्यांसारखे लोक नापास झाले की माझ्याशी भांडतात, पोट बिघडल्याचं सांगतात, बूट दाखवतात. मजीदभाई दोन्ही वेळा फक्त म्हणाले, "लिवा, बाई." आणि दोन वर्षं टेबलामागे बसून त्यांनी सुंदर अक्षरात गुण लिहिले. मला ते बघवत नसे. पण बघवत नाही म्हणून दोन फेऱ्या वाढवून देता येत नाहीत.

*

सहाव्या वर्षी शाळेच्या मैदानात नव्या भिंतीसाठी चिऱ्यांचे ढीग पडले होते, म्हणून टेस्ट भाट्याच्या किनाऱ्यावर घ्यायचं ठरलं. ओहोटीला वाळू छान टणक असते. स्टीलची टेप शाळेच्या कपाटात राहिली आणि किल्ली शिपायाबरोबर त्याच्या गावी गेली. मी बाजारातून नवी सुती दोरी आणली, आदल्या संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात लाकडी मीटरपट्टीने वीस मीटर मोजले आणि दोन गाठी मारल्या. सकाळी नाचणेकरांकडे दोरी दिली आणि मी स्पीकर लावायला गेले.

नाचणेकरांची दोरी वाऱ्याने उडायला लागली. त्यांनी ती समुद्रात चांगली बुचकळून आणली, जड केली, आणि मग वाळूवर पसरून गाठीपाशी रेषा ओढल्या. हुशार माणूस!

त्या दिवशी आमच्या पंचांनी इतिहास घडवला. सगळेच्या सगळे पास. मजीदभाईंनी पाचवी लेव्हल पूर्ण केली, वाळूत बसले, आणि घरी फोन लावून "जुबेदा, झाला!" एवढंच बोलले. नाचणेकरांनी गाडी पाठवून पेढे मागवले. लोक एकमेकांना मिठ्या मारत होते.

पण सुर्वे सहाव्या लेव्हललाही पळत होते. सुर्वे आणि सहावी लेव्हल!

रेषा ओढायला आणलेली मीटरपट्टी तिथेच पडली होती. मी खाली बसून एका रेषेपासून दुसरीपर्यंत मोजत गेले. अठरा मीटर आणि साठ सेंटीमीटर. नवी सुती दोरी भिजली की आटते, हे घरात कपडे धुणाऱ्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. दोरी मी आणली होती, चूक माझीच होती.

मी उभं राहून सांगितलं, "निकाल रद्द."

"अहो बाई, दीड मीटरनं काय व्हतंय?" सुर्वे कळवळून म्हणाले.

मी म्हटलं, "कबड्डीत दीड मीटरने काय होतं ते तुम्हीच मला सांगा."

नेमके तेव्हाच पेढे आले. खोका वाळूवर तसाच पडला, कुणी हात लावेना. मला त्या क्षणी इतकं वाईट वाटलं की समुद्राकडे तोंड करून उभी राहिले. मजीदभाईच उठले, खोका उघडला आणि पहिला पेढा माझ्यापुढे धरला.

"खावा, बाई. पेढ्यानं काय केलंय?"

मग दोरी गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "रेषा ती रेषा. मी तरी काय दुसरं सांगतंय मैदानात?" आणि गुंडाळी माझ्या हातात देत, "पुढच्या वर्षी माझी शेवटची टेस्ट. अठ्ठावन्न झाली की मंडळ निवृत्त करतंय. आणि पुढची फायनल आमच्या वाडीत हाय."

पुढे महिनाभर बाकीचे पंच मला बाजारात बघून रस्ता बदलत होते.

*

भरती चढत असल्यामुळे त्या दिवशी परत टेस्ट घेता आली नव्हती. आठ दिवसांनी, चिरे हलवल्यावर, ती शाळेतच घेतली. या वेळी मी स्पीकर सोडून मुद्दाम मजीदभाईंच्या रेषेपाशी उभी राहिले. इतका काटक माणूस दोनच फेऱ्यांनी का राहतो, ते मला बघायचं होतं.

ते जवळून गेले तेव्हा बारीक आवाज आला. मी कान दिला. ओठातल्या ओठात, न थांबता, "कबड्डी कबड्डी कबड्डी कबड्डी." रेषेला पाय लागला की आवाज बंद, एक घोट हवा, आणि परत सुरू.

पुन्हा दोन फेऱ्यांनी राहिले. मी विचारलं, "मजीदभाई, तुम्ही श्वास कधी घेता?"

"रेषेवर."

"आणि मध्ये?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मला कबड्डीतलं काही कळत नाही. "मध्ये कसा घेणार, बाई? मध्ये दम तुटला तर बाद!"

दम मोजायच्या टेस्टमध्ये हा माणूस सहा वर्षं श्वास न घेता पळत होता! पंचांना मी आजवर पळायला शिकवलेलं नाही, मी फक्त मोजते. त्या दिवशी एक वाक्य बोलले. "ही टेस्ट श्वास घ्यायची आहे, धरायची नाही." आणि तक्त्यात नापास लिहिलं.

पुढचं सगळं जुबेदाभाभींनी केलं. वर्षभर रोज सकाळी त्या भाट्याला सुरूच्या झाडाखाली बसायच्या, आणि समोरून पळणाऱ्या नवऱ्याला प्रश्न विचारायच्या. वीज बिल भरलं का? मुलीकडे कधी जायचं? प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या माणसाला मध्ये श्वास घ्यावाच लागतो. त्यांनी उत्तर पळता पळताच द्यायचं, थांबलं तर भाभी रागावायच्या. भाभी म्हणाल्या, "लग्नाला तीस वर्षं झाली, पण ह्यांनी एवढी उत्तरं यंदाच दिली!"

*

यंदाची टेस्ट. शाळेचं मैदान मोकळं होतं.

आदल्या दिवशी नाचणेकर येऊन बसले. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले आणि मग म्हणाले, "बाई, यंदा वायच... साडेएकोणीस केलंत तर? मजीदच्या गल्लीत फक्त. कुणाला कळणार हाय?"

मी म्हटलं, "गेल्या वर्षी दोरी आटलेली कळली, तसं हेही कळेल, नाचणेकर." ते कप ठेवून गेले.

सकाळी उजाडताच मी स्टीलच्या टेपने बाराही गल्ल्या स्वतः मोजल्या आणि प्रत्येक गल्लीच्या दोन्ही टोकांना प्लॅस्टिकचे छोटे कोन ठेवले. मजीदभाई सगळ्यांच्या आधी आले, पांढरे बूट घालून. मी स्पीकर आणायला शाळेत गेले. वायर सापडायला पंधराएक मिनिटं लागली. तेवढा वेळ मैदानात ते एकटेच होते.

टेस्ट सुरू झाली. मी अलीकडच्या टोकाला, स्पीकरजवळ. मजीदभाईंच्या शेजारच्या गल्लीत सुर्वे. भाभींनी सुर्व्यांना पढवून ठेवलं होतं की तुम्ही प्रश्न विचारत राहा. पहिल्या लेव्हलला सुर्व्यांनी विचारलं, "मस्कतला पहिल्या दिवशी काय झालं?"

"क्रेनला मोठी पेटी लटकलेली," मजीदभाई बोलू लागले, "आणि आतनं उंट ओरडला!"

"मग?"

बीप. दोघे वळले.

"मग मुकादम म्हणतो, खाली सोड. दर्याच्या वरती!"

"मग?"

असं चाललं होतं. तिसऱ्या लेव्हलला पेटीचं झाकण उघडलं. चौथ्या लेव्हलला उंटाने मान बाहेर काढली. सुर्वे घामाने निथळत होते, पण थांबायला तयार नव्हते, कारण उंट अजून हवेत होता. पाचवी लेव्हल सुरू झाली. मजीदभाईंचा चेहरा लाल झाला, शब्द तुटायला लागले, पण ओठ हलत होते आणि छाती वरखाली होत होती. एकदा रेषेला उशीर झाला. मी हात अर्धा वर केला. पुढच्या बीपला पाय वेळेत लागला. मी हात खाली घेतला.

पाचवी लेव्हल पूर्ण झाल्याचा लांब बीप वाजला. मजीदभाई दोन पावलं जाऊन कठड्यावर बसले. सुर्वे मैदानातच उताणे पडले आणि तशाच अवस्थेत म्हणाले, "मजीदभाई, मग त्या उंटाचं काय झालं?"

"कसला उंट?" मजीदभाई म्हणाले. "जुबेदा बोलली, तोंड बंद ठेवू नको."

सगळे हसले, टाळ्या वाजल्या. पण दोरीच्या प्रकरणापासून माझा एक रिवाज आहे. टेस्ट संपली की सगळ्यांसमोर प्रत्येक गल्ली परत मोजायची. नाचणेकरांनी टेपचं एक टोक धरलं. पहिली गल्ली वीस मीटर. दुसरी वीस. एकेक करत अकरा गल्ल्या बरोबर वीस. बारावी मजीदभाईंची. मी पलीकडच्या कोनाशी वाकले, आकडा वाचला, आणि परत वाचला.

नाचणेकरांचा चेहरा पडला. "कमी हाय?"

"जास्त आहे," मी म्हटलं. "वीस मीटर तीस."

पळताना कुणाच्या पायाने कोन सरकला असता तर मातीत ओरखडा असता. तिथे नव्हता. कोन नीट, सरळ, बाकीच्या ओळीपेक्षा एका बुटाएवढा मागे ठेवलेला होता.

मी विचारलं, "मजीदभाई, तुमचा कोन कोणी सरकवला?"

ते बुटाच्या नाड्या सोडत होते. मान वर न करता म्हणाले, "वारा असेल, बाई."

झेंड्याची दोरी खांबाला चिकटून सरळ लोंबत होती. भिंतीकडच्या आंब्याचं पानही हलत नव्हतं. मी टेबलापाशी गेले, तक्ता ओढला आणि त्यांच्या नावापुढे पाचवी लेव्हल, पास असं लिहिलं. शेऱ्याचा रकाना रिकामा होता. त्यात लिहिलं : वारा.